बास्केटबॉल कोचची वाट: पहिल्या जबाबदारीपासून टिकाऊ प्रोग्रॅमपर्यंत

मुख्य कोच म्हणून माझ्या पहिल्या सीझनला माझ्या वहीत बावीस प्ले (आधीच आखलेल्या चाली) होते. प्रत्येकाला नाव, प्रत्येकाची आकृती, वर रंगीत बाण. एका सामन्यात आम्ही एका पॉइंटने मागे होतो. टाइम आउट घेतला, बोर्डवर सोळावा प्ले काढला आणि पोरांना सोडलं. कोर्टवर जाता जाता आमचा पॉइंट गार्ड (बॉल पुढे नेऊन चाल सुरू करणारा खेळाडू) मागे वळून म्हणाला, "सर, यात मी कुठून सुरू करतो?" नऊ सेकंद उरली होती. बॉल आत आला, तिघंजण एकाच कोपऱ्यात धावले आणि शॉट न घेताच बझर वाजला.

त्या रात्री मी पोरांवर चिडलो. चूक वहीची होती हे कळायला पुढचा अख्खा सीझन गेला.

त्या वहीच्या जागी काय असायला हवं होतं, ते इथे क्रमाने लिहितोय. प्रोग्रॅम हा शब्द वारंवार येईल, म्हणून आधीच सांगतो. संघ म्हणजे यंदाचे बारा खेळाडू. हे बारा निघून गेल्यावर मागे जे उरतं तो प्रोग्रॅम: सरावाची पद्धत, खालच्या वयोगटातली मुलं, सहायक कोच, सगळ्यांना कळणारे शब्द. माझी कसोटी सोपी आहे. तुम्हाला ताप आला आणि चार दिवस ग्राउंडवर पाय ठेवता आला नाही, तर सराव होतो का? होत असेल तर प्रोग्रॅम उभा राहतोय. पोरं नुसतीच शॉट मारत बसली असतील, तर अजून सगळं तुमच्या शिट्टीवर चाललंय.

पायरी १: कोणाला नको असलेलं काम मागून घ्या

सुरुवातीला सगळ्यांना सीनियर संघाचा बेंच हवा असतो. तिथे गर्दी असते आणि शिकायला फारसं मिळत नाही, कारण तुम्ही पाण्याच्या बाटल्या सांभाळता आणि निर्णय दुसरा घेतो. त्यापेक्षा दहा-बारा वर्षांच्या मुलांचा गट घ्या, स्कोअरशीट लिहा, सामन्यांचे व्हिडिओ कापा, शिट्टी घेऊन पंचगिरी करा. पंचगिरी मुद्दाम करा. वीसेक सामने पंच म्हणून काढलेत की बेंचवरून ओरडण्याची निम्मी खुमखुमी आपोआप जाते आणि नियमही पक्के होतात.

एरिक स्पोल्स्ट्रा १९९५ मध्ये एनबीए या अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमधल्या मायामी हीटमध्ये आले ते व्हिडिओच्या खोलीत. २००८ मध्ये ते त्याच संघाचे मुख्य कोच झाले आणि २०१२ व २०१३ ला एनबीएचं विजेतेपद मिळवलं. पॅट समिट यांच्याकडे १९७४ मध्ये टेनेसी विद्यापीठाच्या महिला संघाची सूत्रं आली तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या. संघाची व्हॅन त्याच चालवायच्या, खेळाडूंचे कपडेही त्याच धुवायच्या. २०१२ मध्ये त्या थांबल्या तेव्हा नावावर १,०९८ विजय आणि ८ राष्ट्रीय विजेतेपदं होती. कपडे धुतले म्हणून कोणी मोठं होत नाही हे खरं. पण संघाचं काम मुळापासून हाताखालून गेलेलं असलं की पुढे सहायकाला काय सांगायचं आणि त्याला किती वेळ लागेल, याचा अंदाज चुकत नाही.

पायरी २: हो म्हणण्याआधी हे विचारा

मुख्य कोचचं पद समोर आलं की हरखून जाऊ नका. मी एकदा गेलो होतो. पगार विचारला, संघ पाहिला आणि होकार दिला. पहिल्याच आठवड्यात कळलं की निवड समिती वेगळी आहे आणि संघ तीच निवडणार. जबाबदारी माझी, निवड त्यांची! दोन वर्षं त्यात गेली.

म्हणून बसून विचारा. संघ कोण निवडणार? आठवड्याला कोर्ट नक्की किती तास मिळणार आणि ते ऐनवेळी दुसऱ्या खेळाला जातं का? खालचे वयोगट कोणाच्या हाताखाली आहेत? सहायकाला मानधन आहे का? आधीचा कोच का गेला? (शक्य असेल तर हे त्यालाच विचारा. दोन्ही बाजू ऐकल्या की मधलं सत्य दिसतं.) आणि सगळ्यात महत्त्वाचं: तिसऱ्या वर्षाअखेर तुम्ही माझं काम कशावरून मोजणार? उत्तर "जिंकण्यावरून" एवढंच आलं, तर सोबत दुसरी मापं तुम्हीच सुचवा. किती मुलं टिकली, किती ज्युनिअर वरच्या संघात आले, किती सहायक तयार झाले. ठरलेलं ईमेलने कळवून ठेवा. तोंडी वचनं सीझन सुरू झाला की विरून जातात.

पायरी ३: पहिल्या महिन्यात मोजा, बदलू नका

नव्या कोचला आल्या आल्या सगळं पालटायची घाई असते. थांबा. महिनाभर वही घेऊन मोजा.

बहुतेक ठिकाणी दिसणारं एक दृश्य घ्या. चौदा खेळाडू, ले-अपची (धावत रिंगजवळ जाऊन मारायचा शॉट) एक रांग, एक रिंग. दर पाच सेकंदांना एक ले-अप धरला तर दहा मिनिटांत एकशेवीस होतात, म्हणजे एकाच्या वाट्याला आठ-नऊ. बाकीचा वेळ पोरं रांगेत उभी राहून गप्पा मारतात आणि मग आपण त्यांना "लक्ष नाही" म्हणतो. आता दोन्ही रिंग वापरा, प्रत्येक रिंगवर डावी-उजवी अशा दोन रांगा लावा आणि आलटूनपालटून दर तीन सेकंदांना एक ले-अप होऊ द्या. दहा मिनिटांत चारशे, एकाच्या वाट्याला अठ्ठावीस. नवा ड्रिल शोधला नाही, एक बॉल विकत घेतला नाही, तरी काम तिप्पट झालं.

असंच आणखी मोजा. नव्वद मिनिटांच्या सरावात बॉल प्रत्यक्ष हलतो किती मिनिटं? तुम्ही बोलता किती? शेवटच्या खेळाडूच्या हातात बॉल किती वेळा येतो? हे आकडे समोर आले की काय बदलायचं ते वेगळं शोधावं लागत नाही.

पायरी ४: आपण कसे खेळणार, ते तीन ओळींत लिहा

बावीस प्लेंच्या वहीऐवजी हा कागद हवा. डिफेन्स कसा करणार, बॉल पुढे कसा नेणार आणि कुठला शॉट आपल्याला हवा. प्रत्येकाची एक ओळ. तीन ओळी ज्युनिअर गटातल्या मुलालाही पाठ म्हणता आल्या पाहिजेत.

माझं मत सांगतो, ते पटलंच पाहिजे असं नाही. लहान वयोगटांत फक्त मॅन-टू-मॅन (प्रत्येकाने समोरचा एक खेळाडू रोखायचा) शिकवा. दहा वर्षांच्या मुलांना टू-थ्री झोन (माणूस नाही, जागा राखायची: दोघं पुढे, तिघं रिंगपाशी) लावला की सामने पटापट जिंकता येतात, कारण त्या वयात लांबून शॉट पडत नाहीत. पण ती मुलं चौदाची झाली की आपल्या माणसापुढे उभं कसं राहायचं हेच त्यांना येत नसतं. काही देशांत म्हणूनच लहान गटांत झोनला मनाई आहे.

ऑफेन्समध्ये प्लेपेक्षा सवयींवर भर द्या. पास दिला की कट (रिंगकडे धाव), कट झाला की जागा भरा, ड्राइव्ह (बॉल घेऊन रिंगकडे मुसंडी) आला की कोपरा मोकळा. त्यावर दोन-तीन प्ले पुरतात: एक साइडलाइनवरून आणि एक बेसलाइनवरून (रिंगमागच्या रेषेवरून) बॉल आत टाकताना, आणि एक शेवटच्या शॉटसाठी.

जमतंय की नाही हे पाहायला बास्केटबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक डीन ऑलिव्हर यांचे चार घटक सोपे पडतात. शूटिंग, टर्नओव्हर (शॉट न घेताच बॉल घालवणं), ऑफेन्सिव्ह रिबाउंड (आपलाच हुकलेला शॉट पुन्हा मिळवणं) आणि फ्री थ्रोपर्यंत (फाउलमुळे मिळणारा मोकळा शॉट) पोचणं. त्यांनी यांना साधारण ४०, २५, २० आणि १५ टक्के असं वजन दिलं होतं. शूटिंग मोजताना तीन पॉइंटच्या बास्केटला दीडपट धरा. समजा पन्नास शॉटमध्ये अठरा पडले आणि त्यातले सहा तीनचे होते. अठरात सहाचे निम्मे, म्हणजे तीन मिळवा. एकवीस भागिले पन्नास, ४२ टक्के. एवढं गणित बेंचवरचा राखीव खेळाडूही करतो आणि करता करता सामना नीट बघायला शिकतो.

पायरी ५: सराव कागदावर, मिनिटासकट

यूसीएलए या अमेरिकी विद्यापीठाचे कोच जॉन वुडन प्रत्येक सरावाचं वेळापत्रक छोट्या कार्डांवर लिहून खिशात ठेवत. सीझनच्या सुरुवातीला ते खेळाडूंना मोजे आणि बूट कसे घालायचे ते दाखवायचे. मोज्याला सुरकुती राहिली की फोड येतो, फोड आला की सराव बुडतो. यूसीएलएसारख्या संघात ही गोष्ट शिकवली जात असेल, तर आपल्या पोरांना ती येतच असेल असं कशाला धरायचं?

माझ्या नव्वद मिनिटांचा साचा असा. पहिली दहा मिनिटं बॉल घेऊन वॉर्मअप, त्यात उडी मारून दोन्ही पायांवर गुडघे वाकवून उतरण्याचा सराव नेमाने. मुलींमध्ये गुडघ्याच्या लिगामेंटची दुखापत मुलांपेक्षा जास्त होते, त्यामुळे त्यांच्या गटात हे कधीच गाळत नाही. मग पंधरा मिनिटं एकास एक आणि क्लोजआउट (शॉट घेणाऱ्याकडे धावत जाऊन त्याला अडवणं). त्यानंतर पंचवीस मिनिटं छोटे खेळ: तीनास दोन, तीनास तीन, ड्रिबलशिवाय चारास चार. पुढची पंधरा मिनिटं शूटिंग, पण धावून दम लागल्यावर, कारण सामन्यात फ्री थ्रो कोणी ताज्या पायांवर मारत नाही. मग पंधरा मिनिटं पाचास पाच. राहिलेली दहा मिनिटं शेवटच्या प्रसंगांची.

ही शेवटची दहा मिनिटं मला सगळ्यात मोलाची वाटतात आणि बहुतेक जण तीच कापतात. स्कोअरबोर्ड लावा. "नऊ सेकंद, एकने मागे, बॉल आपला, साइडलाइन." खेळू द्या. पुन्हा: "अठरा सेकंद, दोनने पुढे, बॉल त्यांचा, आपले टीम फाउल चार." आता फाउल करायचा की नाही? पोरांना ठरवू द्या. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ) नियमांनी ऑफेन्सिव्ह रिबाउंडनंतर शॉट क्लॉक (शॉट घ्यायला उरलेले सेकंद दाखवणारं घड्याळ) चोवीसवर नाही, चौदावर येतं. दुसऱ्या हाफमध्ये टाइम आउट तीन मिळतात, पण चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत त्यातले दोनच वापरता येतात. हे प्रसंग सरावात दहादा आलेले असले की टाइम आउटमध्ये तुम्हाला बोर्ड लागत नाही. "मंगळवारचा" एवढं म्हटलं तरी पुरतं.

आणि बोलायचं कसं? १९७४-७५ च्या सीझनमध्ये दोन मानसशास्त्रज्ञांनी, थार्प आणि गॅलिमोर यांनी, वुडन यांचे पंधरा सराव बसून टिपले. शिकवण्याच्या २,३२६ कृती नोंदल्या. त्यातल्या निम्म्या निव्वळ सूचना होत्या, म्हणजे काय करायचं आणि कसं. कौतुक आणि नाराजी दोन्ही दहा टक्क्यांच्या आत. हा प्रयोग स्वतःवर करा. फोन खिशात रेकॉर्डिंगवर ठेवा आणि पंधरा मिनिटांचं बोलणं घरी ऐका. माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये "अरे!" एकतीस वेळा होतं. त्यातून कोणाला काय शिकायला मिळालं असेल, देव जाणे. "अरे" च्या जागी "डावा पाय पुढे" आलं की सराव शांत होतो आणि वेगही वाढतो.

पायरी ६: सगळ्यात चांगला कोच सगळ्यात लहान गटाला

हे संचालकांना पटवणं अवघड जातं. पण वरच्या गटात येणारा मुलगा चुकीचा शॉट घेऊन आला, तर त्याची दोन वर्षं दुरुस्तीत जातात. निदान आठवड्यातून एकदा मुख्य कोचने स्वतः लहानांच्या ग्राउंडवर उतरावं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला चार वर्षांनी आपल्याकडे काय वाढून ठेवलंय ते कळत नाही.

लहान मुलांना मोठ्यांचा बॉल देऊ नका. मिनी बास्केटबॉलला पाच नंबरचा बॉल आणि २.६० मीटरवर रिंग असते. मोठ्यांची रिंग ३.०५ मीटरवर, पुरुषांचा बॉल सात नंबरचा, महिलांचा सहाचा. नऊ वर्षांच्या मुलाला सात नंबर दिला की तो खांद्यावरून बॉल फेकतो आणि तीच त्याची पद्धत होऊन बसते. रिंग खाली आणता येत नसेल तर बोर्डच्या चौकोनावर बॉल मारायचे गुण द्या.

शब्द मात्र वरपासून खालपर्यंत एकच. ज्युनिअरमध्ये "हेल्प" म्हणतात आणि सीनियरमध्ये त्यालाच "गॅप" म्हणतात, असं चालणार नाही. वीस-पंचवीस शब्दांची यादी करा आणि सगळ्या कोचना द्या. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात कोच डीन स्मिथ यांचे खेळाडू बास्केट केल्यावर पास देणाऱ्याकडे बोट दाखवत. अशी एखादी खूण तुमच्याकडेही असू द्या, आणि ती सगळ्यात लहान गटापासून.

पायरी ७: पालकांशी सीझनआधी बोला

पहिला सराव व्हायच्या आत पालकांची बैठक घ्या. अर्धा तास पुरतो. सरावाच्या वेळा, गैरहजेरीचा नियम, कुठल्या गटात खेळायला किती वेळ मिळेल ते सांगा. सामन्यानंतर चोवीस तास खेळण्याच्या वेळेबद्दल बोलणार नाही, हे तेव्हाच स्पष्ट करा. राग आलेला पालक आणि हरलेला कोच ग्राउंडवर समोरासमोर आले की त्यातून चांगलं काही निघत नाही.

मग ठरल्याप्रमाणे वागा. एका वडिलांशी झालेलं बोलणं आठवतंय.

"सर, माझ्या मुलीला चारच मिनिटं मिळाली. आणि ती दुसरी, तिने तर तीन बॉल घालवले."

"दुसऱ्या मुलीबद्दल मी तिच्या आईवडिलांशी बोलेन. तुमच्या लेकीबद्दल बोलू. ती डाव्या हाताने ड्रिबल करत नाही, म्हणून समोरचे प्रेस करतात, कोर्टभर अंगावर येतात, तेव्हा तिला बॉल देता येत नाही. रोज दहा मिनिटं घरी. तीन आठवड्यांनी पुन्हा बघू."

त्यांना राग होताच. पण हातात करायला काम मिळालं. तीन आठवड्यांनी मी खरंच बघितलं, ते जास्त महत्त्वाचं होतं.

सुरक्षिततेचे नियमही याच बैठकीत सांगा. सरावाला आणि प्रवासाला दोन मोठी माणसं असणारच. मुलांना एकट्याने खासगी मेसेज नाही, जे असेल ते पालकांच्या ग्रुपवर. बंद खोलीत एका मुलाशी एकटं बोलणं नाही. डोक्याला मार लागला तर त्या दिवशी पुन्हा खेळणं नाही आणि डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय परत येणं नाही, सामना फायनलचा असला तरी. यात अपवाद करू नका, स्वतःसाठीसुद्धा.

पायरी ८: वाईट वर्षांची तजवीज

ती येतात. माइक शशेव्हस्की १९८० मध्ये ड्यूक विद्यापीठात कोच म्हणून आले. पहिल्या तीन सीझनमध्ये ३८ विजय आणि ४७ पराभव, आणि त्यांना काढा म्हणणारे कमी नव्हते. विद्यापीठाने ठेवलं. पुढे ५ राष्ट्रीय विजेतेपदं आली, पहिलं १९९१ मध्ये. वुडन यांना यूसीएलएत पहिलं विजेतेपद १९६४ मध्ये मिळालं, तो तिथला त्यांचा सोळावा सीझन होता. पुढे एनबीएत नावाजलेले कोच ग्रेग पोपोविच यांनी पोमोना-पिट्झर या छोट्या कॉलेज संघाबरोबर पहिल्या वर्षी २ सामने जिंकले, २२ हरले. आणि ज्यांनी १८९१ मध्ये हा खेळच शोधला त्या जेम्स नेस्मिथ यांचा कॅन्सस विद्यापीठातला कोच म्हणून हिशेब ५५ विजय, ६० पराभव असा आहे.

पण या नावांच्या आड लपू नका. हरणारा प्रत्येक कोच वुडन नसतो. म्हणून वाईट वर्षात संचालकांपुढे कागद न्या: टर्नओव्हर सामन्यामागे किती कमी झाले, ज्युनिअर गटात मुलं किती वाढली, हजेरी किती आहे. हे आकडेही खाली जात असतील तर नशिबाला दोष न देता पद्धत तपासा. असं वर्ष मी काढलंय. तेव्हा एका जुन्या कोचला सरावाला बोलावलं आणि फक्त बघायला सांगितलं. जाताना ते एवढंच म्हणाले, "तुझी पोरं चुकायला घाबरतात." मला ते महिनाभर झोंबलं. पण त्यानंतर चूक झाल्याबरोबर बदली करण्याची माझी सवय सुटली.

पायरी ९: स्वतःचं करिअर

स्वतःची फाइल पहिल्या दिवसापासून ठेवा. सरावाचे कागद, हंगामाचा आराखडा, आधी-नंतरचे छोटे व्हिडिओ. मुलाखतीत "मी शिस्तप्रिय आहे" म्हणण्यापेक्षा एका खेळाडूचा शॉट जूनमध्ये कसा होता आणि डिसेंबरमध्ये कसा झाला, हे दाखवणं शंभरपट भारी पडतं. परवाने आणि कोर्स करा, त्यावाचून काही दारं उघडतच नाहीत. पण शिकायला दुसऱ्यांच्या सरावाइतकी चांगली जागा नाही. वर्षातून चार-पाच वेळा परवानगी घेऊन मागे जाऊन बसा.

सहायक निवडताना आपल्यासारखा शोधू नका. तुम्ही डिफेन्सवेडे असाल तर शूटिंगचा माणूस घ्या. त्याला सरावाचा एक भाग पूर्ण सोपवा आणि त्या वेळात तोंड बंद ठेवा. तापाच्या चार दिवसांची तयारी तिथूनच होते.

जागा कधी सोडावी? वरची संधी आली म्हणून लगेच उडी मारू नका. एक बॅच लहान गटातून वरपर्यंत गेलेली पाहिली नसेल, तर आपली पद्धत चालते की नाही हे तुम्हालाच ठाऊक नसतं. उलट संघ निवडीत लुडबुड, मुलांच्या सुरक्षेकडे काणाडोळा असं काही असेल, तर वर्ष पुरं होण्याची वाट बघू नका.

आणि निघताना नव्या कोचसाठी फाइल ठेवून जा. प्रत्येक खेळाडूबद्दल अर्धं पान: काय येतं, कशावर काम चालू आहे, कुठला घोटा दोनदा मुरगळलाय, कोणाशी जरा जपून बोलायचं. शब्दांची यादी. तीन ओळींचा तो कागद. कोर्टच्या वेळा आणि त्या कोणाकडून मिळतात. स्टोअरची किल्ली कोणाकडे असते आणि पंपाची सुई कुठल्या डब्यात आहे तेही लिहा, कारण पहिल्या संध्याकाळी सगळ्यात आधी तीच लागते आणि ती कधीच सापडत नाही.